लाकूड, माती आणि 7.6 महत्तेचा धक्का: 2005 च्या काश्मीर भूकंपातील धज्जी-देवारी घरांचे प्रकरण

8 ऑक्टोबर 2005 रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी 9 वाजून 20 मिनिटांच्या सुमारास काश्मीरला 7.6 महत्तेच्या भूकंपाचा धक्का बसला. केंद्रबिंदू नियंत्रण रेषेपलीकडे मुझफ्फराबादजवळ होता, उगम जमिनीखाली साधारण 26 किलोमीटर खोल होता आणि बालाकोटपासून बाग या गावाच्या दिशेने सुमारे 70 किलोमीटर लांबीचा भ्रंश, म्हणजे खडकातली मोठी भेग, सरकला. पलीकडच्या बाजूला 73,000 हून अधिक माणसे दगावली. भारताच्या बाजूला, मुख्यतः उरी आणि तंगधार या भागांत, मृतांचा आकडा 1,300 च्या वर गेला. दरडींनीही बळी घेतले, पण बहुतेक माणसे कोसळलेल्या भिंती आणि छपरांखाली सापडून गेली.

याच भूकंपात एका जुन्या प्रकारची घरे मात्र गिलावा झडलेल्या आणि थोड्याफार विटा निसटलेल्या अवस्थेत उभी राहिली. लाकडाची दाट चौकट आणि तिच्या लहान लहान कप्प्यांत मातीत बसवलेल्या विटा किंवा दगड, अशी त्यांची बांधणी होती. तिला काश्मीरमध्ये धज्जी-देवारी म्हणतात. आयआयटी कानपूरचे दुर्गेश राय आणि सी. व्ही. आर. मूर्ती यांनी भूकंपानंतर भारताच्या बाजूची पाहणी केली, तेव्हा या भिंतींना अजिबात किंवा फारच थोडे नुकसान झाल्याचे आणि त्यांची कामगिरी पुन्हा एकदा सरस ठरल्याचे त्यांनी नोंदवले. ‘पुन्हा एकदा’ हे शब्द इथे नेमके आहेत, कारण काश्मीरमधल्या आधीच्या भूकंपांतही हेच दिसले होते.

ही घरे का वाचली, या प्रश्नाला सर्रास मिळणारे उत्तर असे की लाकूड हलके आणि लवचीक असते. ते खोटे नाही. पण तेवढ्यावर थांबले तर या प्रकरणातला मुख्य धागाच हातून सुटतो. पडलेल्या घरांतही लाकूड भरपूर होते.

उरी आणि तंगधारच्या डोंगरी गावांतली पडलेली घरे पाहू. भिंत दीड-दोन फूट जाडीची, अनघड दगडांची आणि मातीत रचलेली. बाहेरून ती एकसंध वाटते, पण प्रत्यक्षात त्या दोन पातळ भिंती असतात: एक बाहेरच्या बाजूची, एक आतल्या बाजूची, आणि मधल्या पोकळीत दगडांच्या कपच्या व माती. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालण्याचा कंटाळा केलेला असतो. डोक्यावर लाकडी ओंडके किंवा तुळया, त्यांवर फळ्या-काटक्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. जमीन हलली की अशा भिंतीची बाहेरची बाजू फुगते, आतल्या बाजूपासून सुटते आणि ढासळते. तुळईचे टोक त्याच बाजूवर टेकलेले असेल तर तुळईसकट मातीचे छप्पर खाली येते. या घरात तुळया, दारे-खिडक्यांच्या चौकटी आणि पाटण मिळून लाकूड कमी नव्हते. मात्र त्यातले एकही लाकूड भिंतीला बांधून ठेवत नव्हते. ते भिंतीवर नुसते टेकले होते.

मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात मराठवाड्यातली माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरे नेमक्या याच दोषामुळे माणसांवर कोसळली. तिथे लाकडी खांब आणि तुळयांचे खणच्या खण होते, काही घरांत तो सांगाडा उभाही राहिला. पण शेजारची दगडमातीची भिंत त्याच्याशी कुठेच जखडलेली नव्हती आणि वरचा मातीचा भार अवाढव्य होता. काश्मीरमधल्या वाचलेल्या आणि पडलेल्या घरांतला फरक समजून घ्यायला ही तुलना उपयोगी पडते, कारण लाकूड वापरणे आणि लाकडाने भिंत बांधून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिच्यातून स्पष्ट दिसते.

काश्मीरमध्ये लाकडाने भिंत बांधून घेण्याच्या दोन रीती आहेत. त्या पुष्कळदा एकाच घरात, खाली एक आणि वर दुसरी, अशाही आढळतात.

पहिली ताक़ बांधणी. हिच्यात उभे लाकडी खांब नसतात. विटांचे किंवा दगडांचे जाड चौकोनी खांब ठरावीक अंतरावर उभे केलेले असतात, त्यांच्यामध्ये खिडक्या किंवा पातळ भिंती असतात आणि भार हे जाड खांबच पेलतात. लाकूड येते ते आडवे. प्रत्येक मजल्याच्या पातळीवर आणि खिडक्यांच्या माथ्यावर भिंतीच्या बाहेरच्या व आतल्या कडेने दोन लांब लाकडे टाकतात आणि त्यांना मध्ये आडव्या तुकड्यांनी जोडतात. शिडी भिंतीत आडवी झोपवावी तसा हा पट्टा घरभर फिरतो. कोपऱ्यावर दोन भिंतींचे पट्टे एकमेकांवर चढवून जखडलेले असतात. मजल्याच्या तुळयांची टोके अशा दोन पट्ट्यांमध्ये दाबली जातात, त्यामुळे मजल्याचे पाटणही भिंतींना आतून धरून ठेवते. या रचनेत वरच्या भिंतीचे वजन पट्ट्यावर दाब देत राहते आणि त्या दाबामुळेच लाकूड व विटा यांच्यातले घर्षण टिकते. सर्वत्र शत्रू मानले गेलेले वजन या एका जागी थोडेसे मदतीला येते.

दुसरी धज्जी-देवारी. हिच्यात सांगाडा पूर्ण असतो: दगडी जोत्यावर दासा, म्हणजे तळाचे आडवे लाकूड, त्यावर उभे खांब, वर पुन्हा आडवे लाकूड, आणि मधल्या जागेत उभ्या, आडव्या व तिरकस लाकडांनी पाडलेले कप्पे. मुख्य खांब साधारण चार इंच चौरस, मधली लाकडे त्याहून बारीक. देवदार मिळाला तर उत्तम, कारण तो कुजायला आणि किडायला वेळ लावतो. कप्प्यांत एकाच विटेच्या रुंदीची, म्हणजे सुमारे चार-साडेचार इंच जाडीची भरणी मातीत केलेली असते. पुढे दोन्ही बाजूंनी मातीचा किंवा चुन्याचा गिलावा केला की बाहेरून चौकट दिसेलच असे नाही.

आता वजनाचा हिशेब करून पाहू, कारण भूकंपात इमारतीवर येणारे बल तिच्या स्वतःच्या वस्तुमानातूनच उपजते. दीड फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतीचे घनमीटरला सुमारे 2,000 किलो वजन धरले, तर तिच्या एका चौरस मीटर पृष्ठभागामागे जवळपास 900 किलो भार येतो. धज्जीची भिंत सुमारे 11 सेंटीमीटर जाड असते; तिची भरणी घनमीटरला 1,800 किलो धरली तरी एका चौरस मीटरमागे 200 किलोच भरतात. जमिनीचे त्वरण गुरुत्वाच्या तीन दशांश असेल तर पहिल्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरला सुमारे 270 किलो वजनाइतका आडवा धक्का सोसावा लागतो आणि दुसरीला अवघा 60 किलोंचा. हा हिशेब ढोबळ आहे, इमारतीची स्वतःची हालचाल त्यात धरलेली नाही. तरीही चौपटीहून मोठा फरक नजरेआड करता येत नाही. शिवाय धज्जीची भिंत कोसळलीच तरी माणसाच्या अंगावर पडतात त्या काही विटा, टनावारी दगड नव्हेत.

पण केवळ हलकेपणाने घर वाचत नाही. एकेरी विटेची पातळ भिंत खरे तर आडव्या धक्क्याने पटकन बाहेर पडायला हवी. ती का पडत नाही, हे कळण्यासाठी एकच कप्पा जवळून पाहायला हवा. समजा तो दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. जमीन एका बाजूला सरकली की चौकटीचा चौकोन किंचित तिरका होतो. विटांची भरणी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत लाकडावर दाबली जाते आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत लाकूड व विटा यांच्यात बारीक फट पडते. माती विटेपेक्षा कितीतरी कमजोर असल्यामुळे वीट फुटण्याआधी मातीचा सांधा सुटतो, विटा एकमेकींवर किंचित सरकतात आणि पुढच्या झोक्यात उलट दिशेने परत सरकतात. प्रत्येक सरकण्यात घर्षणामुळे थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. एका भिंतीत असे डझनावारी कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात अनेक सांधे असतात, त्यामुळे या थोड्या थोड्या खर्चाची बेरीज मोठी होते. कप्पा लहान असल्याने भेगेला पळायला जागा मिळत नाही. ती लाकडापाशी येऊन थांबते. एखाद्या कप्प्यातल्या विटा पूर्ण गळून पडल्या तरी शेजारचा कप्पा त्याच्या आधारावर नसतो, म्हणून पडझड पुढे सरकत नाही. भूकंपानंतर अशा भिंतींच्या गिलाव्यावर भेगा उमटतात त्या बहुधा आत दडलेल्या लाकडांच्या रेषांवर, त्यामुळे न दिसणारी चौकट धक्क्यानंतर आपोआप दिसू लागते.

याच्या शेजारी सिमेंटमध्ये बांधलेली, चौकटीविना असलेली दहा फुटांची विटांची भिंत ठेवून पाहावी. ती सुरुवातीला धज्जीपेक्षा खूप ताठर आणि बळकट असते. मात्र तिची मर्यादा ओलांडली की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकच मोठी तिरकी भेग पडते, झोका उलटला की तिला छेदणारी दुसरी पडते, आणि त्यानंतर भिंतीचे चार मोठे तुकडे नुसते एकमेकांना टेकून उभे राहतात. सर्व ऊर्जा दोन भेगांतून बाहेर पडते. धज्जीची भिंत लहानशा धक्क्यातही कुरकुरते, गिलावा टाकते, सांधे सैल करते. ही तिची खोट वाटली तरी तिचे बळही तेच आहे. म्हणून जुन्या धज्जी भिंतीतली माती उकरून तिथे कडक सिमेंट भरण्याची दुरुस्ती मला धोक्याची वाटते: वरवर मजबुती येते, पण विटांना सरकू देण्याची सोयच नाहीशी होते आणि सगळा ताण लाकडाच्या सांध्यांवर जातो.

हे निरीक्षण नवे नाही. 30 मे 1885 रोजी बारामुल्ला परिसराला हादरवणाऱ्या भूकंपात सुमारे 3,000 माणसे मेली. त्या काळी श्रीनगरमध्ये काम करणारे ब्रिटिश शल्यचिकित्सक आर्थर नीव्ह यांनी नंतर लिहून ठेवले की शहरातल्या काही भारी-भक्कम इमारती पडल्या, पण घरे मात्र आश्चर्य वाटावे इतकी कमी पडली. नीट सांधलेले लाकूड आणि चुन्याऐवजी वापरलेली माती यांमुळे तीन-चार मजली घरही सगळे मिळून एकत्र झुलते, असे कारण त्यांनी दिले. ते अभियंते नव्हते, तरी त्यांचे कारण आजच्या विश्लेषणाशी जुळते. पुढे फेब्रुवारी 1967 च्या अनंतनाग भूकंपानंतर गोसाईं आणि आनंद स्वरूप आर्य या अभियंत्यांनी या गोष्टीला आकड्यांची जोड दिली. सिमेंटमधल्या न तडकलेल्या विटकामात कंपनांचे अवमंदन, म्हणजे ती विरून जाण्याचे प्रमाण, सुमारे 4 टक्के असते आणि तडकल्यावर ते 6 ते 7 टक्क्यांपर्यंत जाते, तर लाकूड गुंफलेल्या या बांधणीत ते 20 टक्क्यांच्या घरात असावे, असा त्यांचा अंदाज होता. भेगा पडण्याच्या जागा जितक्या जास्त तितके अवमंदन जास्त, असे त्यामागचे स्पष्टीकरण. आडव्या लाकडी पट्ट्यांचा सर्वांत मोठा लाभही त्यांनी नेमका सांगितला: एरवी ठिसूळ असलेल्या भिंतीला हे पट्टे तन्यता, म्हणजे न तुटता ताण सोसण्याचा गुण, देतात.

तरी 2005 चा पुरावा वाचताना सावधपणा हवा. श्रीनगर केंद्रबिंदूपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि तिथे जाणवलेली तीव्रता उरीच्या मानाने बरीच कमी होती. तिथली चार मजली ताक़ घरे उभी राहिली यावरून ती भ्रंशाच्या काठावरही उभी राहिली असती असे म्हणता येत नाही. खरी साक्ष उरी-बारामुल्ला पट्ट्यातल्या आणि पलीकडच्या खोऱ्यांतल्या धज्जी भिंतींची आहे, कारण त्यांच्या शेजारचीच दगडी घरे त्याच धक्क्यात भुईसपाट झाली. दुसरी गोष्ट म्हणजे लाकडी घर तेव्हाच टिकते जेव्हा त्याचे लाकूड आणि त्याचे सांधे शाबूत असतात. जोत्यावरचा दासा पावसाच्या पाण्याने कुजलेला असेल, तळमजल्यावर दुकानासाठी खांब कापलेले असतील, छपरावर दरवर्षी मातीचा नवा थर चढवलेला असेल, तर वरची चौकट कितीही दाट असली तरी घर तळाशीच बसते.

काँक्रीटची सरसकट निंदा करण्याचेही कारण नाही. इस्लामाबादच्या मार्गल्ला टॉवर्स या बहुमजली संकुलाचा एक भाग याच भूकंपात कोसळला आणि बाधित प्रदेशातल्या शाळांच्या इमारती पडून हजारो मुले मेली, हे खरे. पण नीट आखलेली आणि नीट ओतलेली काँक्रीटची चौकट भूकंप सोसते हेही तितकेच खरे. अडचण अशी की तिला लागणारी सळई, वाळू, पाणी, गवंडी आणि देखरेख यांतली एक गोष्ट कमी पडली तरी बिघाड बाहेरून दिसत नाही. लाकडाच्या चौकटीतला कच्चा सांधा सुताराला उघड्या डोळ्यांनी दिसतो.

हीच बाब पुनर्बांधणीत निर्णायक ठरली. पाकिस्तान सरकारने भूकंपानंतर काही आठवड्यांतच पुनर्रचना व पुनर्वसनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. पूर्ण नष्ट झालेल्या ग्रामीण घरासाठी 1,75,000 पाकिस्तानी रुपयांचे अनुदान ठरले. ते टप्प्याटप्प्याने आणि बांधकामाची तपासणी करूनच द्यायचे होते. सुरुवातीला मंजूर झालेले नमुने सळई-सिमेंटचे होते. डोंगरमाथ्यावरच्या वस्त्यांपर्यंत रस्ताच नाही तिथे सिमेंटची पोती आणि सळया खेचराच्या पाठीवरून किंवा माणसाच्या खांद्यावरून न्यावी लागत, आणि वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीवर मात करी. उलट पडलेल्या घरातली देवदाराची लाकडे, दगड आणि माती तिथेच पडून होती. लोकांनी परवानगीची वाट न पाहता त्यांतून धज्जी उभारायला सुरुवात केली, कारण गावातली कोणती घरे उभी राहिली हे त्यांनी पाहिलेच होते. नियमानुसार अशा घराला पुढचा हप्ता मिळत नव्हता. तपासनीसापुढे मजबूत घर उभे असताना कागदावर तो प्रकार नाही म्हणून मालकाला पैसे नाकारायचे, असा पेच तयार झाला.

बांधकामतज्ज्ञांनी आणि संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅटसारख्या संस्थांनी बाजू मांडल्यावर 2006 मध्ये धज्जीला अधिकृत मान्यता मिळाली आणि पुढे भट्टर या बांधणीलाही. भट्टरमध्ये दगडी भिंतीत ठरावीक उंचीवर लाकडाचे आडवे पट्टे टाकतात. म्हणजे तत्त्वतः ती ताक़चीच दूरची बहीण. माझ्या मते या निर्णयातला महत्त्वाचा भाग परंपरेचा गौरव हा नव्हता. जुनी रीत जशीच्या तशी न उचलता तिच्यातले कच्चे दुवे ओळखून, खांबांचे अंतर, तिरकस लाकडांची जागा, जोत्याची उंची, छपराचा हलकेपणा आणि सांध्यांची बांधणी यांविषयी तपासता येतील असे नियम घालण्यात आले, हे त्याहून मोलाचे. भारतातही याला अगदीच आधार नाही असे नाही: भारतीय मानक 4326 मध्ये विटांची भरणी असलेल्या लाकडी चौकटीच्या बांधकामासाठी तरतुदी आहेत, आणि कमी ताकदीच्या दगड-विटकामासाठीच्या 13828 या मानकातला लिंटेलच्या (दार-खिडक्यांच्या माथ्यावरच्या) व छपराच्या पातळीवरचा अखंड पट्टा लाकडाचाही चालतो. ताक़च्या कारागिरांनी हाच पट्टा मानके लिहिली जाण्याच्या कितीतरी आधी घातला होता.

मान्यता मिळाली तरी ही भिंत किती भार सोसते याचे मोजमाप नव्हते. पेशावरच्या अभियांत्रिकी विद्यापीठात नंतर पूर्ण आकाराच्या धज्जी भिंती बांधून त्यांना आडवे बल लावून पुढे-मागे ढकलण्यात आले. भिंती मोठ्या प्रमाणात कलल्या तरी कोसळल्या नाहीत आणि मुख्य खांबांना म्हणण्यासारखी इजा झाली नाही. भिंतीचे वागणे ठरवले ते सांध्यांनी, विशेषतः खांब आणि खालचा दासा जिथे मिळतात त्या सांध्याने. भिंत एका बाजूला ढकलली की दुसऱ्या टोकाचा खांब वर उचलू पाहतो. खाचेत नुसती बसवलेली जीभ किंवा दोन खिळे अशा ओढीपुढे फार काळ टिकत नाहीत. म्हणून नव्या बांधकामात या सांध्यावर लोखंडी पट्टी मारणे, दासा जोत्यात बोल्टने जखडणे आणि जोते जमिनीपासून पुरेसे उंच ठेवणे यावर भर असतो. जुन्या घराची तपासणी करतानाही भिंतीतल्या भेगांपेक्षा आधी पाहायचा तो दासाच: गिलावा खरवडून कोपऱ्यातल्या खांबाच्या पायथ्याशी टोच्या घुसवायचा आणि तो किती आत जातो ते पाहायचे.